मांजराचे पिल्लू वायर चावते तेव्हा…

रायपूर : उन्हाळ्यात गुढियारीतील घरांत कूलरची वायर जमिनीवरूनच गेलेली असते आणि मांजराच्या पिल्लाला ती आयतीच सापडते. साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे 26 दात पडून 30 कायमचे दात येतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात. रागावून उपयोग नसतो. 230 व्होल्टच्या वायरीतील दोन्ही तारा एकदम दाताखाली आल्यास प्रवाह तोंडातूनच परततो, जमिनीत गळत नाही. त्यामुळे गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी पडेलच असे नाही. वायर जाड प्लास्टिक नळीत घालणे, प्लग काढून ठेवणे हाच खरा बचाव. धक्का बसल्यास पिल्लाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ते सावरलेले दिसले, तरी काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचू शकते. पशुवैद्यकाकडे लगेच न्यावे.