लिनक्स वितरणे, व्यापारी

संगणकाच्या साधनांवर नियंत्रण ठेवणारा लिनक्स हा गाभा आणि त्याच्या आधारे चालणाऱ्या हजारो आज्ञावल्या एकत्र जुळवून, तपासून व उभारणीस सुलभ करून जो संच तयार केला जातो, त्यास लिनक्स वितरण असे म्हणतात. स्वयंसेवकांच्या समुदायाने विकसित केलेली प्रणाली पायाभूत मानून एखादी कंपनी असा संच स्वतःच्या नावाने व स्वतःच्या जबाबदारीवर पुरविते, तेव्हा ते व्यापारी वितरण होय.

उगम : अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा गाभा प्रसिद्ध केला. ग्नूच्या सार्वजनिक परवान्यानुसार आज्ञावलीच्या प्रती काढण्यास, तीत बदल करण्यास व ती विकण्यासही मुभा आहे. मात्र प्रत घेणाऱ्यास मूळ संहिता आणि तेच अधिकार मिळाले पाहिजेत, अशी अट आहे. यामुळे प्रतीची किंमत जवळजवळ शून्यावर येते. व्यापारी वितरकाला म्हणून प्रत विकून नव्हे, तर तिच्यामागील हमी विकून उत्पन्न मिळवावे लागते.

स्वरूप : पायाभूत प्रणाली व व्यापारी वितरण यांचे संबंध दोन प्रकारचे आढळतात. पहिल्या प्रकारात पाया सर्वस्वी स्वतंत्र असतो. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली डेबियन ही प्रणाली कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही; तिच्यावर आधारलेले उबुंटू हे वितरण कॅनॉनिकल या कंपनीने २००४ मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्या प्रकारात कंपनीच समुदायास आश्रय देते. रेड हॅट कंपनीने २००३ मध्ये आपले जुने सर्वसाधारण वितरण बंद केले. त्यानंतर समुदायासाठी फेडोरा आणि ग्राहकांसाठी एंटरप्राइज लिनक्स अशा दोन शाखा राहिल्या. फेडोराची नवी आवृत्ती साधारणतः दर सहा महिन्यांनी निघते. एंटरप्राइज आवृत्तीस मात्र दहा वर्षे दुरुस्त्या पुरविल्या जातात.

बँका, रुग्णालये, शासकीय कार्यालये यांना वारंवार बदलणारी प्रणाली परवडत नाही. सुरक्षिततेतील उणीव आढळताच तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसविणे, विशिष्ट यंत्रांवर प्रणाली चालेल याची खात्री देणे व अडचण आल्यास उत्तरदायी असणे, या सेवांचे मूल्य वार्षिक वर्गणीच्या रूपाने घेतले जाते.

मराठीच्या संदर्भात : पायाभूत प्रणालीत घातलेली भर सर्व वितरणांस कशी उपयोगी पडते, हे देवनागरीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मराठीत ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द भिन्न आहेत. पहिला गुरूस, तर दुसरा स्वयंपाक्यास उद्देशून आहे. पडद्यावर रफार व अर्धा ‘ऱ’ यांतील भेद उमटला नाही, तर अर्थच बदलतो. मुंबईच्या उपनगरातील जुहू येथे असलेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने (स्थापना १९८५) २००० च्या सुमारास ‘इंडिक्स’ या प्रकल्पाद्वारे लिनक्सवर भारतीय लिप्या उमटविण्याचे काम हाती घेतले. हे केंद्र पुढे २००३ मध्ये सी-डॅक या संस्थेत विलीन झाले. कालांतराने मुक्त प्रणालींत जोडाक्षरांची मांडणी करण्याचे कार्य पँगो, हार्फबझ यांसारख्या सामायिक घटकांकडे आले.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेकडून मिळविलेले ‘लोहित’ नामक अक्षरसंच रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. त्यांचा खर्च एका कंपनीने उचलला. परंतु ते डेबियन, उबुंटू इ. प्रतिस्पर्धी वितरणांतही समाविष्ट झाले. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ हिंदीहून वेगळे असल्याने त्यांचीही सोय त्यांत करण्यात आली. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये प्रसिद्ध केली. ती व्यापारी नसली, तरी तिची रचना याच धर्तीची आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सविषयीचे पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत.

वितरणकर्त्याने केलेला बदल केवळ स्वतःच्या शाखेत ठेवल्यास पायाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. तोच बदल पायात समाविष्ट झाला, तर त्याची निगा सर्वांकडून राखली जाते. म्हणून परतफेड ही केवळ औदार्याची बाब नसून व्यवहाराचीही आहे.

मतभेद : परवान्याच्या मुभेमुळे कोणीही व्यापारी वितरणाची मूळ संहिता घेऊन तत्सम विनामूल्य संच बनवू शकतो. सेंटओएस हे २००४ पासूनचे वितरण असेच होते. आयबीएम कंपनीने २०१९ मध्ये रेड हॅट विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएसची आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल, असे जाहीर झाले. दहा वर्षांच्या भरवशावर यंत्रणा उभारणाऱ्या अनेक संस्थांची त्यामुळे अडचण झाली व रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स ही नवी वितरणे पुढे आली. जून २०२३ मध्ये एंटरप्राइज आवृत्तीची नेमकी संहिता ग्राहकांपुरती मर्यादित करण्यात आली. काहीही भर न घालता केलेली नक्कल मूळ कामाचा आर्थिक आधार काढून घेते, असे कंपनीचे म्हणणे आहे. तर समुदायाच्या श्रमावर उभ्या असलेल्या वस्तूभोवती कुंपण घालणे परवान्याच्या मूळ हेतूस बाधक आहे, असे टीकाकार मानतात.

कंपनीचे धोरण वा मालकी बदलली तरी पायात एकदा सामावलेली भर परवान्यामुळे परत घेता येत नाही. ज्या भाषांची बाजारपेठ मोठ्या उत्पादकांना नेहमीच आकर्षक वाटत नाही, त्यांच्या दृष्टीने या व्यवस्थेचे महत्त्व यातच आहे.