इंग्रजीतील वेदनोद्गार : नैसर्गिक की शिकलेले?

इंग्रजी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत शब्दांच्या आठ जातींपैकी केवलप्रयोगी अव्यय बहुधा शेवटी येते. एक व्याख्या, चारदोन उदाहरणे आणि उद्गारचिन्हाचा नियम एवढ्यावर ते प्रकरण आटोपते. वाक्याशी व्याकरणिक संबंध नसलेला हा शब्द म्हणजे भावनेचा निव्वळ उद्रेक होय, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. वेदना व्यक्त करणारे उद्गार तपासले असता तो समज टिकत नाही.

शारीरिक वेदनेचा आज सर्वांत परिचित इंग्रजी उद्गार म्हणजे ‘आउच’. तो केवळ शरीरधर्म असता तर भाषेच्या आरंभापासून आढळला असता. प्रत्यक्षात तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकन इंग्रजीत रूढ झाला आणि जर्मन भाषेतील तशाच एका उद्गाराशी त्याचे नाते जोडले जाते. त्यापूर्वीचे इंग्रज ठेच लागल्यावर मुके राहत असत असे नव्हे. ते निराळे ओरडत. मानसिक वेदनेचा ‘वो’ हा उद्गार प्राचीन इंग्रजीतील ‘वा’पासून आला असून लॅटिन व जर्मन भाषांत त्याची भावंडे आहेत. ‘अलास’ मात्र तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून आला. त्याच्या उत्तरार्धाचे मूळ ‘थकलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे या शोकोद्गारात एक विशेषण दडलेले आहे. आज तो बोलण्यात गंभीरपणे क्वचितच येतो. लेखनात तो ‘दुर्दैवाने’ एवढ्या अर्थाने, पुष्कळदा उपरोधानेही वापरला जातो. आपल्याकडील व्याकरणाच्या वह्यांत मात्र तो अद्याप जिवंत आहे. तेथून उचलून विद्यार्थी तो सांत्वनपत्रात लिहितो, तेव्हा त्याचे खरे दुःख इंग्रजी वाचकाला नाटकी वाटण्याचा धोका असतो.

लुडविग विटगेनस्टाइन यांनी आपल्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथात याच विषयाला स्पर्श केला आहे. मूल पडते व रडते. मोठी माणसे त्याला आधी उद्गार व नंतर वाक्ये शिकवितात. अशा रीतीने शब्द रडण्याची जागा घेतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७८ मधील एका निबंधात दंतवैद्याच्या खुर्चीचे उदाहरण दिले आहे. तेथील ‘आउच’ हा यंत्र आता दुखवू लागल्याचा इशारा असतो. उद्गार वेदनेचा असला, तरी त्याला श्रोता असतो.

तथापि निसर्गाचा वाटा नाकारता येत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३१ भाषांतील उद्गारांच्या तुलनेत वेदनेच्या उद्गारांमध्ये ‘आ’सारखे विवृत स्वर आणि ‘आइ’, ‘आउ’सारखे संयुक्त स्वर विशेषत्वाने आढळले, आनंदाच्या वा किळसेच्या उद्गारांत असे साम्य दिसले नाही. २०१५ मधील एका प्रयोगात थंडगार पाण्यात हात बुडवून ‘आउ’ म्हणणाऱ्यांनी गप्प राहणाऱ्यांपेक्षा अधिक काळ वेदना सोसली. स्वतःच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण नुसते ऐकविले असता तो लाभ झाला नाही; कळ दाबण्याच्या क्रियेने मात्र झाला. म्हणजे उपयोग ऐकण्याचा नसून कृतीचा असावा. तोंड उघडणे शरीराचे, पण त्यातून कोणता शब्द बाहेर पडावा हे समाजाचे, असे म्हणता येईल.

मराठी ‘आई गं’ येथे उद्बोधक ठरते. स्वर तोच, परंतु हा उद्गार मुळात संबोधन आहे. त्यात कुणाला तरी हाक आहे. ‘आउच’मध्ये अशी हाक नाही. म्हणूनच बिलाची रक्कम पाहून किंवा झोंबणारा शेरा ऐकून इंग्रजी भाषक सहज ‘आउच’ म्हणतो. शब्दकोशातील ‘वेदनेचा उद्गार’ एवढाच अर्थ पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हा शेवटचा प्रयोग उमगत नाही. समोरचा माणूस आपल्याच बोलण्याने दुखावल्याचे हसत हसत सांगतो आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही आणि तो पुढे बोलत राहतो.