बैल बसण्याआधी

औताचा बैल एकाएकी बसत नाही. आधी तो चारा टाकतो, रवंथ कमी करतो, हाक मारली तरी कान हलवीत नाही. जाणता शेतकरी एवढ्यावरून ओळखतो आणि त्याला चार दिवस गोठ्यात ठेवतो. माणसाच्या बाबतीत मात्र आम्ही हे शहाणपण क्वचितच दाखवितो.

आमच्या परिचयाच्या एक परिचारिका उज्जैनच्या एका रुग्णालयात रात्रपाळी करीत. एका पहाटे दिलेले इंजेक्शन त्याच रोग्याला पुन्हा देण्यास त्यांचा हात पुढे झाला. रोग्याच्या बायकोने हटकले म्हणून अनर्थ टळला. त्यापूर्वी तीन महिने त्यांना झोप नव्हती, रोग्यांचा राग येई, घरी कोणाशी बोलावेसे वाटत नसे. ‘थकले आहे, दुसरे काय!’ असे म्हणून त्यांनी ते अंगावर काढले.

या अवस्थेला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. पिकाने करपावे तसे मन करपते. १९७४ साली फ्रॉइडनबर्गर या अमेरिकन मानसतज्ज्ञाने त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी विटाळा किंवा दुरावा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. हा रोग नव्हे, कामातून उपजणारी अवस्था आहे, हेही संघटनेने स्पष्ट केले.

आता खिशातला फोन ही लक्षणे आधी दाखवू शकेल काय? थोडीफार दाखवू शकतो. झोप किती झाली, मध्यरात्री पडदा किती वेळा उजळला, याची नोंद तो ठेवतो. काही ॲप्स प्रश्न विचारतात. त्यांतली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली डॉक्टरही वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कसे वाटले, याचे ० ते २७ गुण होतात. १० किंवा अधिक आले तर तपासणी करून घ्यावी. पण ध्यानात घ्या, ही प्रश्नावली नैराश्याची चाळणी आहे, शिणाची नव्हे. निदान डॉक्टरनेच करावे.

उज्जैनहून भोपाळच्या गाडीने जाताना शुजालपूरनंतर सीहोर लागते. त्या जिल्ह्यात, १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या संगाथ संस्थेने, आशा कार्यकर्त्यांना स्मार्टफोनवरून नैराश्याच्या समुपदेशनाचे शिक्षण देण्याचा प्रयोग केला. पुढे या भगिनींच्याच शिणाकडे लक्ष गेले, तेव्हा त्यांच्यासाठी निवासी शिबिर भरविले आणि नंतर फोनवरून विचारपूस ठेवली. आम्हांला ही विचारपूस ॲपपेक्षा मोलाची वाटते.

कारण फोन हाच पुष्कळदा ओझे असतो. अंगणवाडीच्या ताईंना २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर नोंदी कराव्या लागतात. दिवसभर बालके सांभाळा, आणि रात्री चूल विझल्यावर नेटवर्क शोधीत अंगणात उभ्या राहा! अशा बाईला आणखी एक ॲप देऊन ‘आज मन कसे आहे’ असे विचारणे म्हणजे जखमेवर पट्टी बांधून पाठीवर पोते देणे होय. पाळ्या आणि माणसे यांचा हिशेब आधी नीट करावा; ॲप मागाहून. आणखी एक सावधगिरी: आपल्या मनाच्या नोंदी वरिष्ठांच्या हाती जातात का, हे पाहूनच ॲप घ्यावे.

सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असतो. हिंदी व मराठीतही बोलता येते. तिचे ॲप १० ऑक्टोबर २०२४ रोजी आले.

आमच्या परिचारिकाबाईंनी हा क्रमांक लावला तो पहाटे तीनला, औषधांच्या खोलीत उभ्या राहून. मग सुट्टी मागितली. मिळायला अठरा दिवस लागले. आता त्या दिवसपाळीवर आहेत.