गाडीला नवा रंग, तोही सोलून काढता येणारा!

मैत्रिणींनो, सोफ्याचे कव्हर बदलावे, उशांचे अभ्रे बदलावेत, तसा दारातल्या मोटारीचा रंगही हल्ली बदलता येतो. आणि कंटाळा आला की नवा रंग सोलून टाकायचा, खालचा जुना रंग जसाच्या तसा! सात रस्त्याच्या चौकात जरा वेळ उभं राहून बघा. चकचकीत गाड्यांच्या गर्दीत एखादी शाळेच्या फळ्यासारखी, बिनचमकीची काळी गाडी दिसेल. काहींवर चिकटवायचा कागद असतो, तर काहींवर असतं फवारलेलं रबर. आज त्या रबराविषयी.

ही वस्तू मुळात गाड्यांसाठी नव्हतीच. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या 'प्लास्टी डिप' कंपनीचा हा माल १९७२ सालचा. पक्कड, पान्हा यांच्या मुठी पातळ रबरात बुडवायच्या, म्हणजे हात सटकत नाही. पुढे तेच रबर फवाऱ्याच्या डब्यात आलं आणि हौशी लोकांनी ते गाडीच्या चाकांवर मारलं. आता आपल्याकडेही सोलता येणाऱ्या रंगाचे असे डबे मिळतात. बोटांवर सुकलेला फेविकॉल कसा सोलून निघतो? अगदी तसंच हे.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. घर सारवणाऱ्या बायकांची परंपरा आपली! २०१९ च्या उन्हाळ्यात अहमदाबादच्या एका बाईंनी गाडी थंड राहावी म्हणून आपली टोयोटा चक्क शेणाने सारवली होती, वर्तमानपत्रांत फोटो आले होते.

आमच्या शेजारच्या काकूंकडे काकांच्या हातची मारुती ८०० आहे. काका आता नाहीत. गाडीचा टप उन्हानं पार फिका पडून पोपडे धरलेत. मुलाला ती सगळी काळी करायची आहे, आणि काकूंना काकांनी पसंत केलेला रंग घालवायचा नाही. "सोलून निघतो ना, मग काय झालं?" असं मुलाचं म्हणणं. पण इथंच खरी मेख आहे, बरं का. खालचा रंग पक्का असेल तरच रबर नुसतं रबर म्हणून निघतं. पोपडे धरलेल्या किंवा गॅरेजात घाईनं मारलेल्या रंगावर ते मारलं, तर सोलताना खालचा रंगही घेऊन येतं. म्हणजे काकूंचा टप काकांच्या रंगासकट गेलाच! परीक्षा सोपी आहे: चिकटपट्टी घट्ट दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीला रंग लागून आला, तर त्या भागाचा नाद सोडायचा. काकूंना मी सांगितलं, टपाला हात लावू देऊ नका, मुलाची हौस चाकांच्या टोप्यांवर भागवा. चार टोप्यांना तीन-चार डबे पुरतात.

आता कृती. नळाला पाणी येण्याचा दिवस बघून टोप्या साबणानं स्वच्छ धुवा. तेलकटपणा, मेण, पॉलिश काही राहता कामा नये. पूर्ण वाळू द्या. जवळचा भाग रद्दी आणि कागदी पट्टीनं झाका, टायरवर जुनी सोलापुरी चादर टाका. डबा मिनिटभर हलवून वीतभर अंतरावरून, हात सतत फिरता ठेवून फवारा. पहिला हात इतका विरळ की खालचं दिसलं पाहिजे. इथंच सगळ्यांना घाई होते आणि ओघळ येतात. दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबून असे पाच-सहा हात द्या. कंजूषपणा करू नका, कारण पातळ थर सोलताना सालपटासारखा निघत नाही, तुकडे तुकडे पडतात. (तसं झालंच, तर वर आणखी दोन-तीन हात देऊन वाळवायचे आणि मग सोलायचं.) कागदी पट्टी शेवटचा हात ओला असतानाच काढा, नाहीतर कडा फाटतात.

वेळ मात्र सांभाळा. सोलापूरचा एप्रिल-मे यासाठी नव्हेच. चाळीस अंशांच्या उन्हात फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात दमटपणानं पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची सकाळ उत्तम.

या डब्यांत पेट्रोलच्या जातीची द्रावणं असतात, वाफ पेट घेते. तेव्हा हे काम बंद पार्किंगमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली अजिबात नको. नाकाला फडकं बांधून भागत नाही, रंगाऱ्याचा वाफ अडवणारा मास्क हवा. लहान मुलं, दमेकरी आणि दिवस गेलेल्या लेकीसुनांना लांब ठेवा. उरलेला डबा उन्हात तापणाऱ्या गाडीत विसरू नका.

सगळीच गाडी रंगवायची असेल तर आधी आर. टी. ओ. कचेरीत विचारा. नोंदणीपत्रात गाडीचा रंग लिहिलेला असतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीतल्या तपशिलात परस्पर बदल करू देत नाही. "सोलून निघतो हो" हे उत्तर चौकातल्या हवालदारापुढे कितपत चालेल, तुम्हीच ठरवा. लष्करी हिरवा रंग तर नकोच. केंद्रीय नियमांतला १२१ वा नियम तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखून ठेवतो. दिवे आणि नंबरप्लेटवर थेंबही उडू देऊ नका. शिवाय काळा रंग आपल्या उन्हात तापतो किती! मला विचाराल तर पांढरा किंवा राखाडी बरा.

चांगला मारलेला थर दोन-तीन वर्षं टिकतो. पेट्रोल सांडलं तर मात्र तो विरघळतो, म्हणून टाकीच्या झाकणाजवळ जपा. पहिला आठवडाभर गाडी धुऊ नका, पुढे मऊ फडक्यानं हातानंच धुवा. मेणाचं पॉलिश लावू नका.

आणि दसरा! बिनचमकीच्या पांढऱ्या रबरावर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं तर डाग धरून बसतो. स्वस्तिक पुढच्या काचेवर काढा. लग्नाच्या गाडीची फुलंही रबरावर चिकटपट्टीनं लावू देऊ नका, पट्टी निघताना थर घेऊन निघते. माळ दोऱ्यानं बांधायला सांगा.