नापास करणाऱ्यांची फी

धरमतरच्या खाडीच्या दोन्ही काठांना ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. पेण, रोहा, अलिबाग, कुठेही जा, अर्थ एकच: कर्करोग. पूर्वी टाटा रुग्णालय म्हणजे परळ. आता अनेकांसाठी खारघर. त्याच खारघरच्या साठ एकरांच्या आवारात, पेशंटच्या रांगांपासून लांब, औषधांचीही तपासणी होते, हे मात्र आपल्याच रायगड जिल्ह्यात फारसं कुणाला ठाऊक नसतं.

संस्थेचं नाव ॲक्ट्रेक. १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक. त्या परंपरेतलं हे केंद्र २००२ मध्ये खारघरला आलं. इथे कर्करोगविरोधी औषधांची चाळणी करणारा एक विभाग आहे. एखाद्या प्राध्यापकानं नवं संयुग बनवलं, किंवा रानातल्या पाल्याचा अर्क काढला, की तो इथे नमुना पाठवतो, शुल्क भरतो आणि निकालाची वाट बघतो.

निकाल लागतो तो तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटवर. तिला ९६ खळगे. त्यांत माणसाच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशी घालून ३७ अंशांवर दिवसभर रुळू देतात. मग औषध चढत्या मात्रेनं: मिलिलीटरला १०, २०, ४०, ८० मायक्रोग्रॅम. ४८ तासांनी पेशी आम्लानं जागच्या जागी थिजवतात, धुतात, वाळवतात आणि सल्फोरोडामाइन बी नावाच्या गुलाबी रंगात बुडवतात. हा रंग प्रथिनाला धरून बसतो. गुलाबी गडद म्हणजे पेशी मजेत आहेत, औषध वाया गेलं. डोळ्यांवर विसंबायचं नाही म्हणून यंत्र ५४० नॅनोमीटरवर रंग मोजतं. तुलनेला ॲड्रियामायसिन हे जुनं, सिद्ध औषध असतं. शुद्ध संयुगानं १० मायक्रोग्रॅमच्या आत पेशींची वाढ निम्म्यावर आणली तर पास. अर्काला वीसपर्यंत सवलत. बहुतेक नमुने इथेच गळतात.

जे तरतात ते उंदरांकडे जातात. थायमस ग्रंथी नसलेल्या, केस नसलेल्या उंदराच्या कातडीखाली माणसाची गाठ रुजवतात. कॅलिपरनं तिची लांबी-रुंदी घेतात. रुंदीचा वर्ग गुणिले लांबी, भागिले दोन, हे तिचं आकारमान. सोबत उंदराचं वजनही. गाठ आटली आणि उंदीरही आटला, तर ते औषध कशाचं, ते विषच.

हेच काम धंदा म्हणून करणाऱ्यांना करार-संशोधन कंपन्या म्हणतात. बंगळुरूची सिंजीन १९९३ पासून औषध कंपन्यांसाठी संशोधन करते. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात उरवड्याला इन्टॉक्स विषशास्त्रीय चाचण्या करते. औषध माणसाला देण्याआधीचे प्रश्न इथे सुटतात, त्यातला सगळ्यात नाजूक म्हणजे पहिला डोस किती. कर्करोगाच्या औषधांसाठी २००९ चा आंतरराष्ट्रीय दंडक असा: ज्या मात्रेला दहा टक्के उंदरांना गंभीर इजा होते, तिच्या साधारण एक दशांशापासून सुरुवात. इतर औषधांपेक्षा हा हात सैल आहे, कारण पहिला डोस घेणारा बहुधा निरोगी स्वयंसेवक नसतो. इतर इलाज संपलेला रुग्ण असतो.

या धंद्यातला महाराष्ट्रात जन्मलेला सर्वांत मोठा माणूस स्वतः कधी औषधाचा मालक झाला नाही. मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. संस्थेला काम होतं राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या कंत्राटाचं: झाडपाला फोडायचा, गुणकारी द्रव्य वेगळं करायचं. यू झाडाच्या १२ किलो साल-खोडातून जेमतेम अर्धा ग्रॅम द्रव्य निघालं. १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली: टॅक्सॉल. बाजारात यायला १९९२ उजाडलं, आणि नफा झाला ब्रिस्टल-मायर्स स्क्विबचा. कंत्राटदारानं अहवाल द्यायचा, झाड आणि झाडाचं फळ दुसऱ्याचं, ही या धंद्याची रीतच आहे. वाणींना कीर्ती मिळाली, हा अपवाद.

त्यांनीच आणि वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडलं. पुढे त्यापासून बेतलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधं अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली, आणि नरक्याची चोरटी तोड सुरू झाली ती वेगळीच कथा.

आता पैशाचा प्रश्न. चाचणीचं बिल तोच भरतो ज्याला ‘पास’ ऐकायचं असतं. इलिनॉयच्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या बड्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये तपासनीस पोचले, तेव्हा कळलं की पाण्याची स्वयंचलित यंत्रणा बिघडलेल्या एका खोलीला तिथले कामगार ‘दलदल’ म्हणत. मेलेले उंदीर तपासण्याच्या पलीकडे कुजलेले असत, तरी अहवाल चोख. १९८३ मध्ये तिघे अधिकारी दोषी ठरले. त्या प्रकरणातून ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’चे, म्हणजे जीएलपीचे, नियम आले: प्रत्येक नोंद शाईत, तारखेसह, आणि तिच्यावर स्वतंत्र डोळा. भारताची जीएलपी देखरेख यंत्रणा २००२ ची. २०११ पासून इथले अहवाल ओईसीडी देशांत मान्य होतात.

पण हे नियम सुरक्षिततेच्या चाचण्यांना लागू. गाठ किती आटली, हा जो आलेख गुंतवणूकदाराला दाखवतात, त्याला ते बंधन नाही. अ‍ॅमजेन कंपनीच्या संशोधकांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले, सहाच टिकले, हे २०१२ मध्ये जाहीर झालं. माझ्या मते इथे गरज आहे ती नापासांच्या नोंदीची. खारघरचा अहवाल नमुना पाठवणाऱ्याच्या हाती जातो. नापास असेल तर तो बहुधा खणातच राहतो, आणि तोच पाला दुसऱ्या विद्यापीठात पुन्हा वाटला जातो. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था साठ पेशीमालिकांवरच्या चाचण्यांची आकडेवारी, गोपनीय संयुगं वगळून, सर्वांसाठी खुली ठेवते. सरकारी पैशातून झालेल्या चाचण्यांचे निकाल काही वर्षांनी आपल्याकडेही असेच खुले करता येतील. पेटंटवाल्यांना तेवढी मुदत पुरेशी आहे.