उणकलच्या शेजारी बसून ‘द लॉस्ट लेगसी’ पुन्हा

‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ तिसऱ्यांदा संपवला. नॉटी डॉगचा हा 2017चा गेम चक्क आपल्या सह्याद्रीत घडतो. क्लोई आणि नदीन या त्याच्या नायिका होयसळ राजांच्या अवशेषांत एकदंताचा हरवलेला दात शोधतात! पहिल्या खेपेला नुसती मारामारी केली होती. यंदा जीप सावकाश हाकली, अकराही होयसळ टोकनं गोळा केली, परशुरामाच्या परशूची गोष्ट नीट ऐकली.

एक मात्र दरवेळी खटकतं. गेममधल्या मूर्ती डोंगराएवढ्या. खऱ्या बेलूर-हळेबीडच्या होयसळ देवळांची जादू मऊ दगडातल्या बोटभर नक्षीत आहे. ती देवळं 2023 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. आम्हा हुबळी-धारवाडकरांना उणकलचं चंद्रमौळेश्वर मंदिर तर हाकेवर. (ते चालुक्यांचं, होयसळांचं नव्हे.) गेम संपला की बघून या.