गोव्यातल्या पक्षांची भाषानिष्ठा अनुदानात तपासा

४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेल्या कायद्याने गोव्यात कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा दिली. कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे. त्यामुळे रोमी लिपीत लिहिणारा, मुख्यतः ख्रिस्ती समाज बाहेर राहिला. मराठीला राजभाषेचा पूर्ण दर्जा द्या, ही मागणीही मिटली नाही. पण पक्षांचा कस या कलमांपेक्षा प्राथमिक शाळांच्या अनुदानात लागतो. आधी ते भारतीय भाषांच्या माध्यमापुरतं होतं. २०११ मध्ये दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारने ते इंग्रजीला खुलं केलं. भाजपने त्याविरुद्ध रान उठवलं. मात्र २०१२ मध्ये सत्तेवर आल्यावर मनोहर पर्रीकर सरकारने चर्चशी संलग्न इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच ठेवलं. या मुद्द्यावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघापासून वेगळ्या झालेल्या सुभाष वेलिंगकरांच्या गोवा सुरक्षा मंच या पक्षाला २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत एकही जागा मिळाली नाही.

पालकांनाच इंग्रजी हवं, मग सरकारने आडकाठी का करावी, हा आक्षेप वजनदार आहे. मातृभाषेचं माध्यम सक्तीचं करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये सांगितलं. तरी सक्ती टाळणं वेगळं आणि सरकारी पैसा कुठे घालायचा हे ठरवणं वेगळं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी द्याव्यात, असं घटनेचं कलम ३५० (क) म्हणतं. ख्रिस्ती पालकांपुढे रोमी लिपीतल्या कोकणी शाळेचा सक्षम पर्याय ठेवला असता, तर इंग्रजीकडे जाणं ही त्यांची खरी निवड ठरली असती.